खिल्लारे सरांच्या कच्च्या मॅची

खिल्लारे सरांनी लेकीच्या लग्नाच्या आठवडाभर आधी एक कच्चं लग्न लावलं होतं. नवरा नाही, नवरी नाही, वाजंत्री नाही. पण मांडव होता, पंगत होती, आणि आम्ही गल्लीतले सगळे पाहुणे म्हणून पत्रावळीसमोर बसलो होतो. सर गळ्यात शिट्टी अडकवून पंगतीतून फिरत होते. मधेच शिट्टी मारायचे, वरणवाल्या पोराला पाण्यावर पाठवायचे, पाणीवाल्याच्या हातात बुंदीचं ताट द्यायचे. त्यांच्या भाच्यानं भाजीची बादली माझ्या साडीवर कलंडवली तेव्हा मी चिडून उठले. सर म्हणाले, "बसा वैनी. आजचं धरायचं न्हाई."

साडी माझी, डाग माझा, आणि म्हणे धरायचं न्हाई! पण खोटं कशाला बोलू, खऱ्या लग्नात त्या भाच्याला त्यांनी चपला राखायला बसवलं आणि पंगत अशी सुरेख उठली, की वरपक्षाच्या माणसांनी तोंडात बोटं घातली.

सर म्हणजे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेतले खेळाचे सर. त्यांचं घर आणि आमचं घर एकमेकांना लागून, मधे कमरेएवढी भिंत. माझं बांगड्या-टिकल्यांचं कटलरीचं दुकान आहे, आणि दुकानातून शाळेचं मैदान दिसतं, त्यामुळं ह्या माणसाचा खेळ मी दोन्हीकडून बघितलाय. आमच्याकडं सगळं गाव क्रिकेट नाहीतर कबड्डी खेळतं. सरांनी पोरींच्या हातात हॉकी दिली. लोक हसले. मीही हसले, आणि वर्षभरात माझी लेक शीतलच त्यांची गोल राखणारी गोलकी झाली.

दरवर्षी शाळा उघडली की जिल्ह्याच्या स्पर्धेआधी सर कळमनुरीच्या टीमला बोलवायचे, नाहीतर आपल्या पोरी जीपमध्ये कोंबून तिकडं न्यायचे. ह्या त्यांच्या कच्च्या मॅची. त्यात ते जिंकायला खेळतच नव्हते. पुढची पोरगी मागं, डावीकडची उजवीकडं, आणि पेनल्टी कॉर्नर मिळाला की दर खेपेला नवीच पोरगी मारायला उभी. ह्याला ते 'सिस्टिम बघून राहिलो' म्हणायचे. पोरी ढिगानं गोल खाऊन यायच्या आणि हा माणूस हसत हसत जीपमधून उतरायचा.

शीतल जन्मात कधी गोल सोडून पुढं आली नव्हती. तिलाही त्यांनी एकदा पुढं खेळायला लावलं. लेकरू गुडघे फोडून आलं, तशी मी दुकान उघडं टाकून मैदानावर भांडायला गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गोल मारणारीला समोरचा गोल केवढा दिसतो, ते गोलकीला एकदा तरी कळलं पाहिजे. आता ह्यावर माणसानं काय भांडावं? मी आले तशी परत गेले.

गावाला खरा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. टीममधली जी पोरगी सगळ्यात भारी, जिला सगळे मेन खेळाडू म्हणायचे, तिला सर कच्च्या मॅचीत खेळवायचेच नाहीत. आपल्याजवळ लिंबाखाली बसवून ठेवायचे. तिचा बाप तणतणायचा, बघायला आलेले लोक बोलायचे. सरांचं उत्तर ठरलेलं, "ती आत असली की बाकीच्या तिच्याच तोंडाकडं बघतेत. ती नसल्यावर काय करतेत, ते मला बघायचंय."

पहिल्या मॅचीत बाकीच्या सैरावैरा पळायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या मॅचीला मात्र एखादी मुकी पोरगी आपसूक आवाज द्यायला लागायची, तू मागं हो, तू तिकडं जा. मग सर खिशातले फुटाणे काढून तोंडात टाकायचे. ते फुटाणे निघाले की समजायचं, काम झालं.

त्यांचं सगळं आयुष्यच असं. लेकीला नांदेडला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं, तर आदल्या दिवशी तिला घेऊन नांदेडपर्यंत जाऊन नुसता दरवाजा बघून आले. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी आठवडाभर रजा टाकून कच्ची रिटायरमेंट खेळून बघितली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभे! त्यामुळं रिटायर झाल्यावरही मैदान काही सुटलं नाही. सकाळ-संध्याकाळ तिथंच.

ह्या सगळ्या गोंधळात शहाणं माणूस एकच, त्यांची बायको सुमनताई. सगळं गाव सर म्हणतं म्हणून तीही सरच म्हणायची, पण तिच्या तोंडच्या 'सर'मध्ये एक चिमटा असायचा. कारण सरांना घरातलं काही म्हणता काही येत नव्हतं. दुनियेतल्या पोरींच्या जागा पाठ, आपला टॉवेल कुठं असतो ते ठाऊक नाही. न्हाणीत गेल्यावर आतून शिट्टी वाजवायचे, मग ती हातातलं काम टाकून टॉवेल न्यायची. मी म्हणायचे, सुमनताई, तूच लाडावून ठेवलंस. ती म्हणायची, "राहू दे गं लता. बाहेर लई पळतो बिचारा."

गेल्या पावसाळ्यात सुमनताईचं पोट दुखायला लागलं. आधी हिंगोलीला दाखवलं, मग नांदेडला. नांदेडच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की गाठ वाईट आहे, पसरली आहे, फार तर काही महिने. त्या संध्याकाळी सर जीपमधून उतरले, तेव्हा त्यांच्याकडं बघवत नव्हतं. सुमनताई मागून उतरली आणि तिनंच त्यांचा हात धरून घरात नेलं.

लेक पुण्याहून आली. रडली, आणि म्हणाली की पुढं बाबांना मी माझ्याकडं नेईन. सरांनी नाही म्हणून मान हलवली. मैदान इथं, पोरी इथं, पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? लेकीनं विचारलं, मग इथं तुम्हाला चहा तरी कोण करून देणार? 

सुमनताईच्या जिवाला तेच लागून राहिलं. दुखण्याचं ती बोलायची नाही, पण भिंतीशी आली की एकच विषय. "मरण समद्यालाच हाय गं. पण माझ्यामागं हा माणूस उपाशी राहील, कुणाला मागायचा बी न्हाई." मी म्हटलं, आम्ही शेजारी काय मेलोत का? ती म्हणाली, शेजारी चार दिवस. मला वाईट वाटलं, पण बोलली ते खरं होतं.

मग तिनंच तोड काढली. एका सकाळी ती अंगणातल्या बाजेवर येऊन टेकली, सरांच्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "सर, मेन खेळाडू बाहेर बसलाय. आता खेळा."

 सर मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले.

बाहेर बसलेल्यानं बोलायचं नाही, हा सरांचाच मैदानावरचा नियम. त्यामुळं सुमनताई फक्त शिट्टी मारायची. समोर कोणी नसलं तर मॅच कसली, म्हणून मला पाहुणी टीम केलं. माझं काम एकच, सर करतील ते खायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मोहरी समजून चहाच्या पत्तीची फोडणी दिली. ते वरण मी खाल्लं, देवाशपथ खाल्लं. सुमनताई इतकी हसली, की हसता हसता पोट धरून वाकली. सर पळी टाकून धावत आले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तिनं शिट्टी मारून त्यांना आत जायची खूण केली. मी घरी येऊन आधी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले.

भाकरीनं त्यांचा फार छळ केला. थापता थापता चिरायची, तव्यावर टाकताना दुमडायची. सर म्हणाले, सिस्टिम बदलतो, आणि बाटलीनं लाटायला बसले. लांब शिट्टी! शेवटी सुमनताईनं नियम मोडला. बाजेवरून उठली, त्यांच्या मागं उभी राहिली आणि त्यांच्या हातांवर हात ठेवून परातीत भाकरी फिरवली. त्या दोघांना मी एवढं जवळ उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. मी भिंतीवरून बाजूला झाले.

हळूहळू सरांना जमायला लागलं. वरण जमलं, भाकरी फुगली, सिलिंडर बदलता आला, कपडे दोरीवर झटकून वाळत पडायला लागले. न्हाणीत जाताना टॉवेल खांद्यावर टाकून जायला लागले. मला वाटलं, झालं, सुटली बाई काळजीतून. पण सुमनताई म्हणाली, "मी दिसून राहिले ना, म्हणून जमून राहिलंय. असं कळायचं न्हाई. मी पुसेगावला जाते, बहिणीकडं."

कच्च्या मॅचीला नको म्हणताना सरांना मी त्याच दिवशी बघितलं. म्हणाले, आत्ताच काहून, तुझी तकलीफ वाढून राहिली, नंतर बघू.

"आत्ताच," सुमनताई म्हणाली. "नंतर मॅच कच्ची ऱ्हाणार न्हाई."

दसऱ्यानंतर ती चार दिवसांसाठी पुसेगावला गेली. जाताना शिट्टी गळ्यात तशीच होती. ते चार दिवस मी भिंतीला कान लावून होते म्हटलं तरी चालेल. पण सर खेळले. सकाळी चहाचं आधण, दुपारी फोडणीचा वास, संध्याकाळी घासलेली भांडी पालथी. एकदा तर भिंतीवरून माझ्याकडंच वाटीभर पिठलं आलं, आणि ते माझ्यापेक्षा बरं होतं, काय सांगू! शेवटच्या दिवशी त्यांनी पहाटे उठून भाकरी केल्या, भाजी केली, डबा बांधला आणि सेनगावला जीप बदलून पुसेगाव गाठलं.

पुढचं तिच्या बहिणीनं सांगितलं. तोवर सुमनताईला घास जात नव्हता. तरी तिनं भाकरी उलटीपालटी करून बघितली, एक तुकडा मोडला, कितीतरी वेळ चावला. मग गळ्यातली शिट्टी काढून सरांच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, पास. सर बहिणीच्या दारात उभं राहून लेकरासारखे खूश झाले. खिशात हात घालून फुटाणे काढले आणि सगळ्यांना वाटले.

ती परत आली ती हलकी होऊनच. दुखणं वाढत होतं, पण तो विषय पुन्हा तिच्या तोंडी आला नाही. थंडीत एका सकाळी गेली. शांतपणे गेली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिच्यामागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. लेकीनं जाताना पुन्हा एकदा चला म्हणून बघितलं. सर म्हणाले, तुझ्या आईनं मला पास केलंय, तू बिनघोर जा. ती रडत जीपमध्ये बसली.

मीही बिनघोर होते. सर मैदानावर जात होते, येत होते, वाटेत दुकानापाशी थांबून बोलत होते. मग एकदा कपडे वाळत घालताना लक्षात आलं, भिंतीपलीकडून फोडणीचा वास कितीतरी दिवसांत आलेला नाही. शीतलला विचारलं. ती अजूनही मैदानावर जाते, बारक्या पोरींना शिकवायला. ती म्हणाली, सर नुसते फुटाणे खाऊन राहतेत.

माझं डोकंच सटकलं. बिचारीनं दुखणं अंगावर काढून ह्या माणसाला तयार केलं ते ह्याच्यासाठी? मी तशीच उठून त्यांच्या घरात शिरले. सर स्वयंपाकघरात खाली बसले होते. समोर परात, परातीत मळलेलं पीठ, शेगडीवर तवा. गॅस पेटवलेला नव्हता.

"सर, तुमाला समदं येतंय. मी सोता खाल्लंय तुमच्या हातचं," मी म्हटलं. "मंग काहून असे बसलात?"

"येतंय की," ते म्हणाले. "हात बराबर चालतात. रोज पीठ मळतो. रोज तवा ठिवतो."

"मंग?"

त्यांनी परातीतलं पीठ बोटानं दाबून बघितलं.  मग हळूच म्हणाले, "वैनी, त्या टायमाला ती पुसेगावला व्हती. जीपमंदी बसलं की भेटत व्हती."

 पीठ वरून वाळलं होतं. पाण्याचा हात लावून मी ते पुन्हा मळलं, गॅस पेटवला आणि त्या दिवशीच्या भाकरी मीच केल्या. त्यांनी अर्धी खाल्ली.