पाच झग्यांचं एक वाक्य

रिफत शिवणाचे दोरे घेऊन घरी आली आणि हॉलच्या दारातच थबकली. खिडकीला नवे पडदे लागले होते. लाल-पिवळे, काजूबोंडांच्या नक्षीचे, वर स्टीलच्या चकचकीत कड्या. शेजारी तिचा नवरा मुनाफ उभा होता, शाबासकीची वाट बघत.

"कसे हायत?"

रिफतच्या हातातली पिशवी खाली पडली. "हे कापड कुठनं घेतलंत?"

"सोफ्यावर होतं ना! वर्षभर सांगतंस, समोरच्या बिल्डिंगचे एसी बघून जीव विटला. म्हटलं, यल्ला, करून टाकू. खालच्या दुकानातल्या वलीने लगेच शिवून दिले."

"अवो, ते म्वानाइशाने झगे शिवायला दिलेलं कापड! उद्या त्यांचा कार्यक्रम हाय!"

म्वानाइशा पलीकडच्या गल्लीतल्या ब्यूटी पार्लरमध्ये सुपरवायझर होती. मोंबासाची, रिफतसारखीच या आखाती शहरात आलेली. तिचं पाच जणींचं एक मंडळ होतं. कोणाची आई आजारी पडली की मंडळ धावायचं. एकीच्या मालकाने पासपोर्ट अडवला, तेव्हा पाचही जणी त्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या होत्या, आणि पासपोर्ट घेऊनच उठल्या. मोठ्या प्रसंगाला पाचही जणी एकाच कापडाचे झगे घालायच्या. उद्या शुक्रवारी शहराबाहेर समैस्माच्या किनाऱ्यावर मंडळातल्या सौदाचा निरोप होता. ती कायमची घरी निघाली होती. गावात खानावळ काढणार होती, भांडी मंडळाने घेऊन दिली होती. भाऊ म्हणत होता, खानावळ माझ्या नावावर कर. आणि भावासमोर सौदाने आजवर तोंड उघडलेलं नव्हतं.

मापं द्यायला त्या आल्या होत्या, तेव्हा घर हसण्याने भरून गेलं होतं. रिफतला रत्नागिरीतलं लग्नघर आठवलं होतं. मोहल्ल्यातल्या बायका, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या, एकमेकींना चिमटे काढणाऱ्या. 'मी पण येऊ का निरोपाला?' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण न बोलावता कसं जायचं? तिने टेप उचलली आणि पुढचं माप घेतलं.

आता तिने पडद्यापाशी जाऊन खालची कड पाहिली. प्रत्येक कापडाच्या काठावर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं होतं. तेच गायब होतं.

ती धावत खाली गेली. वली म्हणाला, "भाभी, पडदे पे लिखाई अच्छी लगती है क्या? काट दिया."

"पट्ट्या कुठे आहेत?"

"कचरा तो गया. खलास." मग त्याला आठवलं. "एक है. उसी से गठरी बांधी थी."

संध्याकाळी झगे कुठवर आले ते बघायला म्वानाइशा आणि सौदा आल्या. पडदे बघून म्वानाइशाने कापलेली कड चाचपली. मुनाफ चहा करण्याच्या निमित्ताने किचनमध्ये गेला तो बाहेरच आला नाही.

"माझ्या मावशीने हे मोंबासाहून मांडीवर ठेवून आणलं," ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "बॅगेतसुद्धा टाकलं नाही."

रिफतचे डोळे भरून आले. "कापड पुरेल. वरचा कड्यांचा भाग कापून टाकते, झगे थोडे आखूड होतील. पण लिहिलेली पट्टी एकच आहे."

"मग ती सौदाला लाव."

"नको," सौदा पहिल्यांदाच बोलली. "त्यावर लिहिलंय, आपण पुष्कळ जणी आहोत. ते अंगावर घेऊन मी एकटीच विमानात बसू? लोक हसतील. पाच शब्द आहेत. पाच जणींना वाटून टाक."

पडदे उतरले आणि मशीन सुरू झालं. मुनाफ न सांगता इस्त्री करत बसला. रिफतला स्वाहिली येत नव्हती. ज्या झग्याचं जेवढं कापड उरलं, तेवढ्या मापाचा शब्द तिने त्यावर लावला.

शुक्रवारी दुपारी पाचही जणी झगे घालायला आल्या आणि घरात हशा उसळला. मंडळात सगळ्यात जाड म्वानाइशा. तिच्या छातीवर सगळ्यात छोटा शब्द होता : 'नी'.

"एवढासा? एवढ्या मोठ्या बाईला?" ती म्हणाली.

मग त्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि वाक्य पुरं झालं. 'सिसी नी वेंगी, हातुओगोपी न्जिया.' आपण पुष्कळ जणी, वाटेला घाबरत नाही. हसता हसता म्वानाइशा एकाएकी थांबली. सौदाच्या झग्यावर लांबलचक शब्द आला होता : 'हातुओगोपी'. घाबरत नाही.

"हा तिला मुद्दाम दिलास?"

"नाही गं. ती बारीक, तिचं कापड उरलं होतं."

सौदाने त्या शब्दावरून सावकाश हात फिरवला. मग ती रिफतच्या गळ्यात पडून रडली.

त्या गाडीत बसून समैस्माला गेल्या. रिफतने जिन्यातून हात हलवला.

पुढच्या आठवड्यात म्वानाइशा पुन्हा आली, मागे तिघी, सगळ्या त्याच झग्यांत. सौदाचा व्हिडिओ आला होता. खानावळीच्या दारात तोच झगा घालून ती उभी होती, दारावर तिचंच नाव. भाऊ मागे कांदे कापत होता.

"तिला फोटो पाठवायचाय," म्वानाइशा म्हणाली. "पण वाक्यात भोक पडलंय. चल, उभी राहा तिच्या जागी."

"मी? माझ्या अंगावर तर काहीच लिहिलेलं नाही."

"भोक बुजवायला माणूस लागतं. शब्द नाही."

रिफत साध्या पंजाबी ड्रेसवर सौदाच्या जागी उभी राहिली. दोन्ही बाजूंनी तिच्या खांद्यांवर हात पडले. कितीतरी दिवसांत तिला असं कोणी धरलं नव्हतं.

तो फोटो तिने रत्नागिरीला अम्मीला पाठवला. लगेच फोन आला.

"सगळ्यांच्या अंगावर कायतरी लिवलाय, तुझ्याच अंगावर नाय. तुला नाय दिलानी?"

"मधला शब्द एकजण घेऊन गेली, अम्मी."

"खंय गेली?"

"घरी. कायमची."

पलीकडे अम्मीने पंखा बंद केला.

"आनि तू कवा येतंस गो?"

"येईन, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मी पन म्हंतंय," अम्मी म्हणाली. "तू तारीख सांग."