पाच किलोच्या आतल्या शरयूकाकू

समोरच्या शरयूकाकूंनी माझ्या लेकीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा गाल ओढले नाहीत की कुणावर गेली ते विचारलं नाही. आत गेल्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, त्यावर परात ठेवली आणि परातीत ओवीला बसवलं. लेकराला परातीत बसवलं तर काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण भीती वाटायला मला काही माहीत असावं लागत नाही. काकू आकडा वाचून म्हणाल्या, "सात किलो दोनशे. आणि धरायला कडी नाही. हिला घेऊन तीन जिने चढतेस? बघ बाई."

काकू बासष्ट वर्षांच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, रिटायर झाल्या. नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एक त्यांचं आणि एक आमचं भाड्याचं. आम्ही वाशिमकडचे. माझा नवरा चाकणला कंपनीत, पहाटे जातो तो दिवेलागणीनंतर येतो. मधला सगळा दिवस मी, ओवी आणि माझी भीती. कुकरची भीती, गॅसची भीती, ओवी रडली तर भीती आणि रडली नाही तर त्याहून जास्त.

एकदा दुपारी तापानं ओवीचे डोळे पांढरे झाले. मी तिला घेऊन जिन्यातच बसले. काकू पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आल्या, ओवीला घेतलं, मला दंडाला धरून खाली आणलं आणि रिक्षात तिच्या कपड्यांची पिशवी पुढं करून म्हणाल्या, "रड. पण पिशवी धर." ओवी बरी झाली. पण तेव्हापासून सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजली की मगच मला नीट श्वास येतो.

आणि ह्याच काकू दिवाळी झाल्यावर चहा पिता पिता म्हणाल्या, "मी तीन महिने फिरायला जातेय. एकटी. पाठीवर पिशवी टाकून. राजस्थान, मग हिमाचल, मग आसाम."

"काहून हो काकू?" मी म्हटलं. घाबरले की माझं वाशिम बाहेर येतं.

"गुडघे आहेत तोवर."

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीवर पाच किलो, त्याच्यावर गेलं तर जायचं नाही. काकू खूश. त्यांना आकडा मिळाला. पहिल्या दिवशी पिशवी भरून काट्यावर ठेवली, साडेआठ किलो. मी तोंडानं अरेरे म्हटलं आणि मनात म्हटलं, बरं झालं देवा.

पण ती बाई काय ऐकते. रोज सकाळी आमचं दार वाजवायच्या आणि काय कमी झालं ते सांगायच्या, जसं काही मी त्यांची हेडबाई. टॉवेल गेला, पंचा आला. साबणाचे चार तुकडे केले, एक घेतला. टूथब्रशची दांडी करवतीनं कापली, कंगवा अर्धा केला. "केस अर्धेच राहिलेत," म्हणाल्या. कपड्यांच्या आतली लेबलं कात्रीनं काढली. ड्रेस दोनच, एक अंगावर आणि एक पिशवीत. मी म्हटलं, तिसरा असू द्या ना. म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे?" आतल्या कपड्यांचं तर मला ऐकायलाही लाज वाटायची आणि त्या जिन्यात उभं राहून सांगायच्या, "तीन. एक अंगावर, एक दोरीवर, एक देवाच्या भरवशावर. आणि पाळीचं सामान देवानंच उतरवून घेतलंय, म्हातारपणाचा तेवढाच फायदा. तुला जायचं असेल तर तेवढं वजन धरून चाल."

मला कुठं जायचं होतं. मी अजून स्वारगेटलासुद्धा एकटी गेले नव्हते.

मग सराव सुरू झाला. पिशवीत तूरडाळीची पाच पाकिटं भरून काकू पेठेतून फिरायच्या. कोपऱ्यावरच्या वह्यांच्या दुकानदारानं विचारलं, "काय काकू, ट्रेकला?" तर म्हणाल्या, "नाही, कोथिंबीर आणायला." रविवारी बसनं खडकवासल्याला जायच्या, तिथं धरणाच्या रस्त्यानं ती डाळ फिरवायच्या आणि परत आणायच्या. बुधवारी तिचीच आमटी करायच्या. म्हणायच्या, "शिजायला मऊ झालीय, खूप चाललीय ना."

पिशवी सातवर आली, सहावर आली. मी काय करू. मी त्यांना वस्तू द्यायला लागले. चिवडा दिला, प्रवासात लागतो म्हणून. त्यांनी काट्यावर ठेवला, "पाचशे चाळीस," आणि तिथंच मांडी घालून खायला बसल्या. माझ्या नवऱ्याचा स्वेटर दिला, परत आला. स्टीलचा डबा दिला, परत आला, आत गुळाची पोळी घालून.

शेवटी मी ते केलं जे सांगायला नको. काकू आंघोळीला गेल्या होत्या, पिशवी हॉलमध्ये होती, मी खालच्या कप्प्यात अर्धा किलो साखरेचं पाकीट सरकवलं. बाहेर येऊन त्यांनी वजन केलं. पाच किलो चारशे. चष्मा लावून पुन्हा केलं. मग सगळं सामान फरशीवर काढलं, पाकीट सापडलं, ते हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"घाबरतेस होय?"

मी मान हलवली.

रागावल्या नाहीत. एक कागद घेतला, मोठ्या अक्षरात डॉक्टरांचा नंबर लिहिला, चौकातल्या रिक्षावाल्या काकांचा लिहिला, ताप आला तर आधी काय करायचं ते लिहिलं. आमच्या दाराच्या आतून चिकटवला. "त्या दिवशी मी पण हेच केलं होतं," म्हणाल्या. "जादू नव्हती." त्याच साखरेचा चहा झाला.

जानेवारीत जायचा दिवस आला. पिशवी चार किलो सातशे. आदल्या दिवशी आईचा फोन आला होता, ती म्हणाली, बाईमाणूस इतक्या लांब चाललं, रिकाम्या ओटीनं पाठवू नकोस. मला पटलं. मी नारळ आणला, तांदूळ घेतले, खण घेतला, ताट केलं. ओवीला कडेवर घेऊन जिन्यात उभी राहिले. काकू पिशवी टेकवून कुलूप लावत होत्या. वळल्या तशी मी कुंकवाचं बोट पुढं केलं.

काकू मागं सरकल्या. "अगं, वर्षा. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली."

मी बोट मागं घेतलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्या सारख्या म्हणायच्या, आमच्या ह्यांना उकळलेला चहा चालत नाही, ह्यांना भात मोकळा लागतो. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला हार नव्हता. मला वाटलं, ते मुलाकडे बंगलोरला असतील. विचारायची हिंमत नाही झाली. आणि काकूंच्या कपाळावर टिकली नाही, गळ्यात काही नाही, हातात बांगडी नाही, ते तर मी रोज बघत होते.

"मला वाटलं, वजनासाठी काढलं," मी म्हटलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग हसायला लागल्या, एवढ्या की पायरीवर बसल्या. ओवी पण हसायला लागली, तिला काय कळतंय. मला रडू येत होतं. हसता हसता त्या थांबल्या, चष्मा काढून पुसला.

"संक्रांतीला बायका तीन जिने चढून येतात," म्हणाल्या, "आणि तुझ्या दाराची बेल वाजवतात. मी आतून ऐकते." मग उठल्या. "कुंकू राहू दे. ओटी भर."

"चालते का काकू?"

"कुणाला विचारायचंय? जिन्यात तू नि मीच आहोत. भर, ट्रेन चुकेल."

पदर नव्हता, तर कुडत्याची झोळी करून उभ्या राहिल्या. मी तांदूळ घातले, निम्मे पायऱ्यांवर सांडले. खण घातला, नारळ घातला. काकूंनी कुलूप परत उघडलं, काटा आणला आणि ते सगळं पिशवीत घालून पिशवी काट्यावर ठेवली. पाच किलो तीनशेच्या वर. मी म्हटलं, "नारळ ठेवून जा, मी देवापुढं ठेवते."

"माझी ओटी आहे. तू का ठेवून घेतेस?"

आणि पिशवीतला तो एकुलता एक जादाचा ड्रेस काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, अहो बदलायला काय. म्हणाल्या, "रोज धुवीन, वाळेपर्यंत पंचा गुंडाळून बसेन. तुला काय करायचंय?" पिशवी पाठीवर घेतली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. वळून बघितलं नाही. मी खालून रिक्षाचा आवाज जाईपर्यंत उभी होते, मग ओवीचं तोंड धुवायचं होतं म्हणून आत आले.

दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी काकूंचा फोन आला, जोधपूरहून. एका खोलीत सहा पलंग आहेत म्हणाल्या, बाकी पाच पोरी विशीतल्या, सगळ्यांच्या पिशव्या पंधरा किलोच्या. "त्यातली एक मला विचारते, आंटी, ये नारियल क्यों घुमा रहे हो."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, मायके से मिला है." मग म्हणाल्या, "गाडीचा आवाज येतोय. कुठे आहेस?"

"रिक्षात," मी म्हटलं, आणि तेवढ्यात फोन कट झाला. ओवी मांडीवर झोपली होती, सकाळपासूनचा ताप उतरला होता, औषधाची पिशवी माझ्या मनगटाला होती. डॉक्टरांकडे मी एकटीच जाऊन आले होते, ते सांगायचं राहूनच गेलं.