कुलपावरचा भंडारा

अन्याय झाला आहे. कुणावर, ते आधी सांगतो: आमच्या गावच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटर खोलीत बसणाऱ्या चन्नाप्पांवर. कधी, तेही सांगतो: गेल्या वैशाखातल्या एका रविवारी, भर दुपारी, पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असताना, रांगेतल्या सगळ्या पोरापोरींच्या देखत. वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्यांना करदोट्याला बांधलेली खोलीची चावी सोडायला लावली. सदरा वर करून, गाठ सोडून, त्या म्हाताऱ्या माणसानं चावी टेबलावर ठेवली. आरोप काय? तर, "ह्यांनी भंडारा टाकून टाकून मशीन मारलं."

मी पत्रकं काढणारा माणूस आहे. बस थांब्यावर मुतारी नाही, पाण्याच्या टाकीला झाकण नाही, शाळेपुढचा उकिरडा उचलला जात नाही, या सगळ्यांवर मी पत्रकं काढली आहेत. अन्याय दिसला की माझा हात आपोआप 'जाहीर निषेध' असं लिहायला जातो. पण या वेळी निषेधानं भागत नाही. चन्नाप्पा कोण, हे आधी सांगावं लागेल. गावाबाहेर त्यांना कुणी ओळखत नाही, आणि गावात सगळे त्यांना हसतात.

चन्नाप्पा कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्याचा ताप बघतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर पंचा, असे ते खोलीत येतात आणि उलटा हात त्या पत्र्याच्या खोक्यावर ठेवतात. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग जाहीर करतात, "बरं हाय आज." किंवा, "कणकण हाय. निधान घ्या." निधान म्हणजे कानडीत सावकाश. आमच्याकडून कर्नाटक जवळ, आणि आप्पांच्या घरात निम्मं बोलणं कानडी. त्यातला हा एक शब्द त्यांनी सगळ्या गावाला शिकवला. इंटरनेट रेंगाळलं, निधान. ओटीपी आला नाही, निधान. पोरगी रडायला लागली, तरी निधान.

मूळचे ते पिठाच्या गिरणीवाले. घराघरांत घरघंट्या आल्या, गिरणी बसली, पट्टा निघाला. वाचनालयाला कॉम्प्युटर मिळाला तेव्हा खोली उघडून दिवसभर बसणारं कुणीतरी हवं होतं. आप्पा म्हणाले, "मी बसतो. बसायची सवय हाय मला." बसता बसता शिकले. एका बोटानं टाइप करतात, पण फॉर्ममध्ये चूक होऊ देत नाहीत. त्यांच्या लेखी ते मशीन ही गिरणीच. फोटो पन्नास केबीच्या आत बसत नसला की म्हणतात, "चाळणी बारीक लाव." वेबसाइट अडकली की, "दाणे लई पडले वरनं, जरा दम खाऊ दे." आणि मशीन तापलं की मात्र त्यांचा चेहरा बदलतो. "गिरणी तापली की पीठ करपतंय. बंद कर. आधी बंद कर!"

तर हे मशीन चैत्रापासून तापायला लागलं. चालू केलं की पंखा ट्रॅक्टरसारखा ओरडायचा आणि थोड्या वेळानं सगळं काळं. फॉर्म अर्ध्यात गेला की पहिल्यापासून. व्हायरस आहे असं एकानं सांगितलं, व्होल्टेज कमी आहे असं दुसऱ्यानं. आप्पांनी "अंगरखा काढा त्याचा, उकडायलंय त्याला," म्हणून खोक्याचा बाजूचा पत्राच काढून ठेवला. मी काय केलं? पत्रक काढलं. 'धाराशिव जिल्ह्याचा उन्हाळा आणि वाचनालयाचा हलगर्जीपणा.' मागणी: खोलीत कूलर बसवा. गंमत म्हणजे ही एकच मागणी आजवर मान्य झाली. एका दात्यानं पाण्याचा कूलर दिला. आम्ही तो मशीनच्या उघड्या कुशीसमोर नेऊन ठेवला, नारळ फोडला.

मशीन दुप्पट वेगानं बंद पडायला लागलं.

आणि मग तो रविवार. एका मुलीचा फॉर्म शेवटच्या पानावर आला होता. मशीन गेलं. परत लावलं, परत गेलं. तिनं शेवटी नळदुर्गला जाऊन फॉर्म भरला, पण तोवर अध्यक्ष आले होते. त्यांनी उघड्या मशीनमध्ये डोकावून बोट फिरवलं. बोट पिवळं.

"आप्पा, तुमच्याबद्दल आदर हाय," अध्यक्ष म्हणाले. "पण हे काय? वाघ्या केलाय तुम्ही मशीनचा! खंडोबाचा भंडारा ह्याच्यात टाकतेत व्हय?"

आप्पांनी उलटा हात मशीनवर ठेवला.

"टाकला का न्हाय?"

"टाकला की."

सगळे हसले. चावी गेली. ठराव असा, की पुढच्या महिन्याच्या बैठकीत मशीन भंगारात काढायचं आणि रस्त्यावरची ती खोली गाळा म्हणून भाड्यानं द्यायची.

मी पेटलो. माझं म्हणणं सरळ होतं: चिमूटभर हळदीनं मशीन मरत नाही, खोली भाड्यानं द्यायची म्हणून हा कट आहे. पुरावा हवा म्हणून मी नळदुर्गहून रेहानाला आणलं. हायवेला तिचं दुकान आहे, ट्रकवाल्यांच्या मोबाइलपासून ढाब्यांच्या बिलाच्या मशीनपर्यंत सगळं उघडते. अध्यक्षांनी कुलूप काढून दिलं, "भंगारात घालायच्या आधी बघा काय बघायचं ते," असं म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. आप्पांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. चावी नाही तर आत पाय नाही, असं त्यांचं.

रेहानानं मशीन लावलं. स्क्रीनवर तपमानाचा आकडा आला आणि आमच्या डोळ्यांदेखत चढत चढत शंभराला टेकायला आला. मग अंधार.

"मेलं का?" मी विचारलं.

"नै रे, मेलं कुठं. जास्त तापलं की स्वतःच बंद होतंय, जळू नये म्हणून. तुझ्यापेक्षा शहाणं हाय." तिनं टॉर्च धरली. "पंखा फिरतोय. मग हवा जाते कुठं?"

प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पात्यांची एक जुडी असते आणि तिच्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता पात्यांत चढते, पंखा ती उडवून लावतो. इतकं साधं काम. रेहानानं पंखा काढला आणि टॉर्च आणखी जवळ नेली. मग म्हणाली, "या अल्ला. पत्रकवाले, ये देख."

पाती दिसतच नव्हती. त्यांच्या जागी एक घट्ट पिवळी वीट होती. भंडारा पडायचा, पंखा तो भक्तिभावानं आत ओढायचा, आणि मी आणलेला कूलर वरून ओल धरायचा. सारवलेल्या भिंतीसारखा गिलावा बसला होता.

"आप्पा," रेहाना उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्याची हळद तर झाली. वरात कधी काढायची?"

अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. कट सिद्ध करायला मी माणूस आणला होता, आणि त्या माणसानं आरोप सिद्ध करून दाखवला होता. पत्रकाचा मथळा माझ्या खिशात तयार होता. तो तसाच राहिला.

रेहाना कामाला लागली. टोकदार काडीनं एकेक फट मोकळी केली, ब्रश मारला, ब्लोअर मारला. खोलीत जत्रेसारखा पिवळा धुरळा उडाला, अध्यक्षांचा पांढरा सदरा वाघ्यासारखा झाला आणि त्यांची हाताची घडी सुटली. जुडीच्या खालची पेस्ट वाळून पापडी झाली होती. तिनं ती पुसली, मसुराएवढा नवा थेंब ठेवला, जुडी दाबून बसवली, निसटलेला एक पाय खटकन अडकवला. कूलर भिंतीकडे फिरवला. मशीन लावलं. आकडा चढला, मध्येच थांबला आणि तिथंच राहिला. पंख्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागत होता.

बाहेरून आप्पांनी विचारलं, "उतरला ताप?"

"उतरला," रेहाना म्हणाली. "पण परत भंडारा टाकला तर परत चढेल."

"मग तेवढं कबूल करा, आप्पा," अध्यक्ष सदरा झटकत म्हणाले. खरं तर त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "बैठकीत चार माणसांत सांगा की भंडारा बंद. चावी परत देतो, खोली ऱ्हाती. झालं?"

इतकं सोपं होतं. मी म्हणालो, "आप्पा, हो म्हणा."

"न्हाय जमायचं," आप्पा म्हणाले.

मला राग आला. खरा राग. मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "आप्पा, तुमच्यासाठी गाव अंगावर घेतलं मी. अंधश्रद्धेसाठी खोली घालवणार तुम्ही? एवढा भंडारा टाकता तरी कशाला?"

"फॉर्मच्या नावानं."

"म्हणजे?"

ते पायरीवर बसले. पंच्यानं मान पुसली. "पोरगं फॉर्म भरून जातंय. मग आपल्या हातात काय ऱ्हातंय? रविवारी मल्हारीच्या नावानं एक चिमूट टाकायची. ज्याचा फॉर्म त्याच्या नावाची. निकाल लागला की त्याची चिमूट बंद."

"आणि निकाल कधी लागतो?"

"लागत असंल की. मला कोण सांगतंय?"

मला कळायला वेळ लागला. एखादं पोरगं तलाठ्याचा फॉर्म भरून जातं, पास होतं, जालन्याला नोकरीला लागतं. आप्पांना कळत नाही. त्याची चिमूट चालूच. दुसरी नापास होते, लग्न होऊन सोलापूरला जाते. तिचीही चालूच. नवे येतात, त्यांची भर पडते. बंद कुणाचीच होत नाही. म्हणजे दर रविवारी भंडारा वाढतच जाणार. त्या पात्यांत जी वीट बसली होती, ती गावातल्या पोरापोरींच्या न कळवलेल्या निकालांची होती.

"एवढी नावं ध्यानात ऱ्हातेत तुमच्या?" रेहानानं विचारलं. ती दारात येऊन उभी होती.

"गिरणीत बाया डबे ठेवून जायच्या. डब्यावर कुठं नाव असायचं? पण कधी कुणाचं पीठ कुणाला गेलं न्हाय." त्यांनी पंचा परत खांद्यावर टाकला. "पण गिरणीचं बरं होतं बघ. डबा ठेवला की माणूस पीठ न्यायला परत यायचंच. बसायचं, बोलायचं. हितं फॉर्म ठेवून जातेत. परत कुणी येत न्हाय."

आत मशीन शांतपणे चालू होतं.

शेवटी रेहाना म्हणाली, "आप्पा, मशीनच्या बाजूला एक वाटी ठेवा. वाटीत टाका."

"वाटीतनं फॉर्म गेलाय व्हय?"

मी म्हणालो, "नापास झालेल्यांचं काय ऐकायचंय तुम्हाला, आप्पा? लाजेनं येत नसतील."

"लाज कसली? नापास तर नापास. परत भरू की फॉर्म. मी बसलोयच." मग माझ्याकडे बघून बारीक हसले. "तुझी बी चिमूट हाय त्यात, पत्रक."

"माझी? मी कुठं फॉर्म भरलाय कधी?"

"पत्रकं हितंच टाइप केलीस की. मुतारीची एक चिमूट. टाकीच्या झाकणाची एक. कूलरची बंद केली, कूलर आला तवा."

बस थांब्याला मुतारी व्हावी म्हणून खंडोबाला दर रविवारी साकडं घालणारा दुसरा माणूस या जिल्ह्यात असेल तर मला दाखवा. मी मंत्र्यांना, सभापतींना, साहेबांना पत्रकं पाठवली. एकानंही ती वाचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आप्पांनी ती वाचली होती, आणि वरपर्यंत पोचवली होती.

आज परिस्थिती अशी आहे. मशीन बरं झालं, पण खोलीला कुलूप आहे. आप्पा शब्द देत नाहीत, आणि अध्यक्ष शब्दाशिवाय चावी देत नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, ही माझ्यासारख्या माणसाची मोठी अडचण आहे. बैठक जवळ आली आहे. आणि दर रविवारी सकाळी आप्पा बंद दारासमोर उभे राहतात, उलटा हात फळीवर ठेवतात, ओठांतल्या ओठांत नावं घेतात आणि कुलपावर भंडारा टाकतात. कुलूप पिवळं झालं आहे. उद्या तेही अडकणार.

म्हणून माझी मागणी अध्यक्षांकडे नाही, शासनाकडे नाही. ती तुमच्याकडे आहे. आमचा खंडोबासुद्धा अणदूरहून नळदुर्गला जातो, तिथं राहतो आणि दर वर्षी अणदूरला परत येतो. देवाला जमतं. तुम्हाला जमत नाही? तुमचा फॉर्म आप्पांच्या खोलीतून गेला असेल, तर बैठकीच्या आत या आणि काय झालं ते त्यांना सांगा. एकेक नाव सुटू द्या, एकेक चिमूट बंद होऊ द्या. आप्पांचा नेम न मोडता भंडारा थांबवायचा दुसरा रस्ता नाही. आणि तुमचा फॉर्म दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणी शेजारी बसून भरला असेल, तर त्या माणसाला सांगा. पास झाला असाल तर सांगा. नापास झाला असाल तर आधी सांगा. तो अजून तुमचं नाव घेत बसला असेल.

फोन तुमच्या खिशात आहे. काढा.