रिकाम्या प्रश्नचिन्हाचा खाना

मेश्राम सरांना कुणी नुसता पत्ता सांगितला, तरी त्यांचा चहा थंड व्हायचा. मी ऑफिसात नवी होते तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं राहते वं तू?"

"वाडीला, ट्रकच्या गोडाऊनमागे."

"आधी गाव सांग, मंग वस्ती, मंग घर. 'मागे' कोणत्या खान्यात टाकू मी?"

ते विनोद करत नव्हते. कंपनीसाठी त्यांनी सी भाषेत एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. वेबसाइटचा लांबलचक पत्ता घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा आपापल्या खान्यात ठेवायचा, एवढंच तिचं काम. साइटचं नाव एकात, आतली वाट दुसऱ्यात, प्रश्नचिन्हापुढचा मजकूर तिसऱ्यात. शिवाय प्रश्नचिन्ह होतं पण पुढे काहीच नव्हतं, हे नोंदवायला आणखी एक. या शेवटच्या खान्यावरून आम्ही त्यांची फार थट्टा करायचो.

"पुढं काई नाई म्हणून प्रश्नचिन्हच नव्हतं, असं कसं म्हणता रे?" ते तळमळून विचारत. जेवतानाही त्यांच्या डब्यात भाजी लोणच्याला शिवत नसे.

मला ती लायब्ररी जुनाट वाटली, म्हणून मी ती काढून टाकली. इंटरनेटवरची तयार, फुकटची बसवली. सरांना न विचारता. त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तपासून घेतलं ना वं?"

मी हो म्हटलं. तपासलं नव्हतं.

चौथ्या दिवशी एका ग्राहकाच्या सगळ्या लिंक बंद पडल्या. त्यांच्याकडे पत्ता अक्षरन्‌अक्षर जुळावा लागायचा, आणि मी बसवलेली लायब्ररी शेवटचं रिकामं प्रश्नचिन्ह गाळून टाकत होती. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. जिन्यात जाऊन रडले. परत आले तर माझ्या खुर्चीत सर.

"पाणी पिऊन ये. मी पाहून राहिलो."

स्वतःची लायब्ररी त्यांनी परत बसवली नाही. माझ्याच लायब्ररीत तो एक खाना जोडून दिला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं, आणि दुरुस्तीच्या नोंदीखाली त्यांनी नाव माझं घातलं होतं.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. सरही टाळ्या वाजवत होते. मी तोंड उघडलं नाही. माझी नोकरी पक्की झाली. त्याच वर्षी 'आता जुन्या भाषेचं काम उरलं नाही' म्हणत सरांना घरी बसवलं. तेव्हाही मी गप्पच राहिले.

तीन वर्षांनी, एका रविवारी, सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेले. काकू वारल्याचं मला तिथे कळलं. माफीची वाक्यं पाठ करून गेले होते.

"सर, ती दुरुस्ती..."

"आधी जेव."

त्यांनी ताट वाढलं. पोळ्यांची चळत पाहून मी विचारलं, "एकट्यासाठी एवढ्या?"

"पोळ्यावाल्या बाईले सांगून ठेवलं आहे मी. रविवारी चार जास्त टाकत जाय म्हटलं. ऑफिसचं कोणी आलं तं."

"येतं कुणी?"

सर वाटीत भाजी वाढत होते. मान वर न करता म्हणाले, "तू आली ना वं."