दाऊदकाकांचं आवतन

दाऊदकाका जेवायचं आवतन देतात आणि त्याची सही घेतात.

आमच्या बडनेऱ्याच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला सगळी मंडळी एकत्र जेवते. त्याचा निरोप मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आठ दिवस आधीच पडलेला असतो. तरी काका सायकलवर घरोघर येतात, दारात उभे राहून घसा साफ करतात, रविवारी उपासनेनंतर सहकुटुंब जेवायला यायचं सांगतात आणि वही पुढे करतात. सही झाल्याशिवाय हलत नाहीत. एकदा मी म्हटलं, काका, त्या जेवणाचा स्वयंपाक मीच करणार आहे, मला कशाला आवतन?

"सैपाक करते म्हणून काय तुले जेवाचं सांगाचं नाई?" ते म्हणाले.

मी सही केली.

वही ही रेल्वेची सवय. काका नोकरीत कॉलमन होते. गाडीच्या ड्रायव्हरला आणि गार्डला घरी जाऊन ड्यूटीचं बोलावणं द्यायचं आणि त्यांची सही आणायची, हे त्यांचं काम. बोलावणं पोचलं नाही तर गाडी उभी राहते, हे त्यांच्या हाडात गेलेलं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, बोलावणं सुटलं नाही.

एकदा येऊन गेले की झालं, असंही नाही. सणाच्या दिवशी उपासना संपते, लोक घरी जाऊन कपडे बदलतात. इकडे वरण-भात तयार झाला की काका पुन्हा सायकल काढतात आणि घरोघर "चला" म्हणून येतात. तोवर पंगत बसू देत नाहीत. महिला मंडळाचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, त्यामुळे भात निवतो तो माझा. यावरून आमचं दरवर्षी वाजतं. मी एकदा चांगलीच चिडले, तेव्हा त्यांनी लूकचा चौदावा अध्याय काढला. मोठ्या जेवणाची गोष्ट. त्यात आवतन आधीच दिलेलं आहे, तरी जेवणाच्या वेळी मालक दासाला पाठवून सांगतो, या, आता सगळं तयार आहे. "दोनदा," काका म्हणाले आणि दोन बोटं दाखवली. मी घरी जाऊन पाहिलं. बरोबर होतं. मला राग आला, पण पुढच्या वर्षी मी भात उशिरा टाकला.

काका सगळं शुभवर्तमान असंच वाचतात. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, त्याचं त्यांना कौतुक आहेच, पण जास्त कौतुक याचं, की येशूला आणि शिष्यांना तिथं रीतसर आवतन होतं. तसं लिहूनच ठेवलंय. जकातदार जक्कयच्या घरी मात्र येशू आपणहून उतरला. त्यावर काकांचं मत असं, "बिना आवतनाचं जाणं त्या एकालेच शोभलं. बाकीच्यायनं नाद करू नये."

उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर मात्र ते अडतात. धाकटा मुलगा सगळं उडवून परत येतो, बाप वासरू कापून मेजवानी करतो, शेतातून आलेला मोठा मुलगा रागावून बाहेरच उभा राहतो. पाळकसाहेबांनी उपासनेत यावर संदेश दिला की शेवटी काका मागच्या बाकावरून उठणार आणि विचारणार, "मोठ्याले निरोप कोणी देला?"

जुने पाळकसाहेब हसून प्रार्थनेकडे वळायचे. नवे तरुण आहेत. त्यांनी नेटानं समजावलं, की मुद्दा मोठ्या भावाच्या मनातल्या मत्सराचा आहे. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "घरात वाजंत्री वाजून राहिली अन् त्याले नोकराले विचारा लागते, काय चालू हाय म्हणून. एक माणूस शेतात धाडता येत नव्हता?" आणि उपासना संपायच्या आत बाहेर गेले.

मी समजून चालले होते, की काका स्वतःच्या घरातले थोरले असणार, कधीतरी डावलले गेलेले. त्या रविवारी उपासनेनंतरच्या जेवणाची भांडी आम्ही आवरत होतो आणि काका परत येऊन पातेली पुसून देत होते. मी सरळ विचारलं. ते थोरले नव्हते. ते बाप होते.

त्यांचा धाकटा अनिल आठ वर्षं कुठे होता, याचा पत्ता नव्हता. सहा वर्षांपूर्वी तो अचानक दारात उभा राहिला. काकू तोवर गेल्या होत्या. काकांनी मांडव घातला, सगळ्या मोहल्ल्याला आवतन दिलं, पुन्हा "चला" म्हणूनही फिरले. मीही जेवून आले होते; कोण आलं नाही, ते मी पाहिलं नव्हतं. फक्त थोरल्या प्रमोदला सांगितलं नाही. तो अकोल्याला जठारपेठेत पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. काकूंच्या आजारपणात त्यांना उचलून दवाखान्यात नेणारा तोच. "घरच्याले काय आवतन द्याचं, असं वाटलं मले," काका म्हणाले. आमच्याकडे घरच्याला खरंच कोणी देत नाही. पण प्रमोदनं पंगतीचे फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिले. त्यानंतर तो आला नाही. अनिलही पुढे पुण्याला निघून गेला.

मी म्हटलं, मग जाऊन सांगा त्याला.

"सहा वर्सं झाली, शालन."

मी म्हटलं, अकोला दीड तासावर आहे.

काकांनी एकच पातेलं बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, "तो मोठा पोरगा आत आला का नाई, ते लिहिलंच नाई शास्त्रात. तितंच सोडून देल्लं."

ते खरं आहे. पण त्याच्या आधी एक ओळ आहे, ती मी त्यांना सांगितली. बाप पंगत सोडून स्वतः बाहेर आला आणि त्याची समजूत घालू लागला. नोकराला धाडलं नाही. तुम्ही तर अजून बाहेरच निघाला नाहीत.

शनिवारी आम्ही सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो. मी येणार नव्हते, पण ते तिकीट काढून उभे होते. जठारपेठेत दुकान लगेच सापडलं. प्रमोद एका पंख्याची जाळी खोलत होता. केस पांढरे व्हायला लागलेले. त्यानं मान वर केली, बापाला पाहिलं आणि दोन स्टुलं पुढे सरकवली. काका बसले नाहीत. घसा साफ केला. पुन्हा केला. सगळ्या बडनेऱ्याला जेवायला बोलावणारा माणूस तिसऱ्यांदा घसा साफ करू लागला. मी मदत केली नाही. हे काम माझं नव्हतं.

"आवतन द्याले आलो," शेवटी ते म्हणाले. "उद्याचं. घरी."

प्रमोद जाळीकडेच पाहत होता. "काहून? कोण येऊन राहिलं?"

"कोणी नाई. तू ये."

रस्त्यावरून दोन ऑटो गेले. प्रमोद तोच स्क्रू फिरवत राहिला. स्क्रू कधीच सुटला होता.

"सैपाक कोन करन?" त्यानं विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते.

"मी करतो," काका म्हणाले. त्यांना साधा भातही जमत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

प्रमोदनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मंग मी सकाळीच येतो," तो म्हणाला.