सम बाजूचा उजेड

वीज साठवून ठेवता येत नाही, असे शास्त्र सांगते. राग मात्र साठतो, आणि त्याला तारा लागत नसल्यामुळे तो एका घरातून दुसऱ्या घरात कोणाच्याही परवानगीशिवाय जातो. म्हणून जिथे पहिलीचा तुटवडा असतो, तिथे दुसऱ्याचे नीट वाटप करणे हे कोणत्याही जबाबदार कार्यालयाचे आद्य कर्तव्य ठरते. आमच्या वीज कार्यालयाने हे कर्तव्य इतके चोख बजावले की त्याची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर वीज जात नसे. जायला ती आधी यावी लागते. ती यायची ती समारंभाच्या अध्यक्षासारखी. उशिरा, सगळ्यांना धावपळ करायला लावून, आणि पुढे दुसरा कार्यक्रम असल्यासारखी लगेच निघून. कार्यालयाला फोन केला की तीनपैकी एक उत्तर हमखास मिळे : काम चालू आहे, वरूनच गेली आहे, फक्त तुमच्याकडेच गेली आहे का ते बघा. (वरून म्हणजे नेमकी कुठून, हे कोणी विचारले नाही. वरच्या गोष्टी वरच्यांवर सोडाव्यात, असे आमच्यावर संस्कार आहेत.)

रस्त्याच्या एका बाजूला सम क्रमांकांची घरे, दुसऱ्या बाजूला विषम. विषम बाजूला एक पिठाची गिरणी होती. गिरणी चालवणारी बाई वरच्याच खोलीत राहायची. नवरा परगावी नोकरीला, घरात ती आणि सासू. आधी ही गिरणी सासूनेच उभे आयुष्य चालवलेली, त्यामुळे तिच्या फुप्फुसांत पीठ बसले होते आणि आता श्वासासाठी तिला यंत्र लागे. ते यंत्र विजेवर चाले. वीज गेली की सून सिलिंडर जोडायची, सिलिंडर संपत आला की सासूला गाडीत घालून दवाखाना गाठायची. तिथे खाट मिळाली नाही तर व्हरांड्यातल्या बाकावर बसून पुठ्ठ्याने वारा घालायची, आणि सासू तशाही अवस्थेत म्हणायची, "डावीकडून घाल गं. उजवीकडून नुसती हवा खेळतेय."

अखेर लोकांचा संयम सुटला. मोर्चा निघाला. पुढारपण घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींकडे आले, कारण त्यांचा धंदा विजेवर चालत नसल्यामुळे रागवायला त्यांच्यापाशी सवड होती. मोर्चात लोकांनी आपापले पुरावे आणले होते. कोणी जळलेली मोटर आणली, कोणी नासलेल्या दुधाचे कॅन. बर्फाच्या कारखान्याचा मालक रिकाम्या हाताने आला. त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही उरलेच नव्हते. कार्यालयाच्या फाटकापाशी घोषणा झाल्या, नंतर शिव्या झाल्या, आणि मग गर्दीतून आलेल्या एका दगडाने पहिल्या मजल्याची काच फोडली. (पुढे दगडाची रीतसर चौकशी झाली. दगडाने काही सांगितले नाही.)

यापूर्वीचे साहेब अशा वेळी पोलिसांना बोलवायचे. हे साहेब नवे होते. ते स्वतः खाली आले, शिपायाला खुर्च्या मांडायला सांगितल्या, सगळ्यांना पाणी दिले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

मोर्चाची पंचाईत झाली. समोरचा आपले बरोबर आहे म्हणाला, तर पुढे काय ओरडायचे हे ठरले नव्हते.

"काय बरोबर आहे?" घड्याळजींनी सावधपणे विचारले.

"सगळंच. वीज कमी आहे. तुमच्या रस्त्यापुरतं बोलायचं, तर अर्ध्या रस्त्याला पुरेल एवढीच आहे. ती मी सगळ्यांना तुकड्यातुकड्यानं देतो आणि सगळ्यांच्या शिव्या मात्र अख्ख्या खातो."

गिरणीवाली पुढे झाली. "साहेब, माझ्या सासूबाईंना मशीनशिवाय श्वास घेता येत नाही. दर वेळी दवाखान्यापर्यंत पोचू की नाही, याचा भरवसा नसतो."

साहेबांचा चेहरा खरोखर पडला. "बघा ताई. या गोष्टी मला इथे बसून कशा कळणार? तुमची माणसं तुम्हाला माहीत. कोणाला किती द्यायची, हे तुम्हीच का ठरवत नाही?"

इतकी वर्षे आम्ही विजेची मागणी करत होतो. साहेबांनी आम्हाला थेट अधिकारच देऊन टाकला. लोकांचे डोळे पाणावले. जन-उजेड समिती तिथल्या तिथे स्थापन झाली, घड्याळजी अध्यक्ष झाले, गिरणीवाली सभासद झाली, आणि वीज नसतानाही मंडळी उजळलेल्या चेहऱ्यांनी घरी परतली.

रस्त्याच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र लाइनी आहेत, हे आम्हाला तेव्हाच कळले. समितीने ठराव केला की एक आठवडा पूर्ण वीज एका बाजूला, पुढचा आठवडा दुसऱ्या बाजूला. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न होता. घड्याळजी म्हणाले की मोजदाद करताना जोडीने मोजणे सोपे जाते, तेव्हा सम बाजूपासून करू. (घड्याळजींचे घर व दुकान सम बाजूला असणे हा योगायोग होता, आणि योगायोगाविरुद्ध दाद मागायची सोय नाही.) गिरणीवाली म्हणाली, "चालेल. एक आठवडा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढीन. पण पाळी बदलायची हं."

"म्हणजे काय!" घड्याळजी म्हणाले. "वेळेच्या बाबतीत माझ्याकडून चूक होईल का?"

सम बाजूला वीज आली. पहिल्या दिवशी आम्हा सम लोकांना संकोच वाटला. समोर अंधार आणि आपल्याकडे दिवे, हे बरे दिसेना, म्हणून आम्ही पडदे ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी उकडायला लागले म्हणून पडदे उघडले. आठवडा सरेपर्यंत समोर अंधार आहे हे लक्षात येण्यासाठी मुद्दाम बाहेर बघावे लागू लागले, आणि मुद्दाम कोण बघतो?

पाळी बदलायची वेळ आली तेव्हा एक तांत्रिक बाब पुढे आली. लाइन बदलताना यंत्रणेवर ताण येतो, असे साहेबांनी समितीला समजावले. बदलायची तर खुशाल बदला, मात्र ताणामुळे दोन्ही लाइनी गेल्या तर जबाबदारी समितीची. घड्याळजींनी दूरदृष्टीने बदल तूर्त पुढे ढकलला. गिरणीवालीने टेबलावर हात आपटला. सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद "सभासदांनी चर्चेत उत्साहाने भाग घेतला" अशी झाली.

आता अन्याय म्हणता येईल अशी गोष्ट आमच्याकडून होणे शक्य नव्हते; आम्ही भली माणसे आहोत. म्हणून यात न्याय काय आहे, याचा शोध सुरू झाला आणि तो लवकरच लागला. सम बाजूचे लोक वीज जपून वापरतात. सम बाजूच्या घरांना मुळातच उजेड शोभतो. विषम बाजूला पूर्वीपासूनच जरा काळोख असे, हे जुन्या माणसांना आठवू लागले. (ही जुनी माणसे सम बाजूची होती, विषम बाजूची जुनी माणसे दवाखान्यात होती.) शिवाय विषम हा शब्दच पाहा. त्यात विष आहे.

एका बाईला मात्र हा न्याय समजला नाही. गिरणीच्या बरोबर समोर शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी राहत. गिरणीवालीचे नि त्यांचे सख्ख्या बहिणींसारखे. वहिनींनी आपल्या खिडकीतून एक लांब वायर सोडली, ती विजेच्या खांबाला वळसा देऊन समोर गिरणीवालीच्या खिडकीत नेली, आणि दवाखान्यातून घरी आणलेल्या म्हातारीचे यंत्र सुरू झाले. सुनेने त्या दिवशी कित्येक दिवसांनी अंघोळ करून निवांत जेवण केले, असे वहिनी सांगत. वायरीवर एक कावळाही येऊन बसू लागला.

समिती पाहणीला आली.

"वहिनी, ही वायर काढा," घड्याळजी म्हणाले.

"काढते. आधी समोर जाऊन त्या म्हातारीला सांगा, श्वास थांबवा म्हणून."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आज श्वासाला दिली, उद्या पंख्याला मागतील."

"मग मागू देत की! तीही माणसंच आहेत, घामानं भिजलेली."

"वहिनी, मीही मोर्चात होतो," घड्याळजी दुखावल्या स्वरात म्हणाले. "लोकांचं दुःख मला शिकवू नका." आणि घड्याळाचे पट्टे कापायच्या पकडीने त्यांनी, आधी प्लग काढायला न विसरता, ती वायर कापली. काम नाजूक हाताने झाले. कावळा तेवढा उडाला.

समोर यंत्र टीं-टीं करून ओरडू लागले. घरातला सिलिंडर रिकामा होता. वायर आल्यापासून तो भरून आणायची गरज पडली नव्हती. वहिनी पायातली चप्पलही न घालता धावल्या. दोघींनी म्हातारीला खुर्चीत बसवले, खुर्ची जिन्यावरून खाली आणली, भर उन्हात रस्ता ओलांडला, समोरचा जिना चढला आणि वहिनींच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी, पंख्याखाली तिला निजवले. गिरणीवालीने परत धावत जाऊन यंत्र आणले. तोवर म्हातारीचे ओठ निळे पडले होते. नळी लावल्यावर बऱ्याच वेळाने रंग परतला, आणि गिरणीवाली तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडली. आमच्यापैकी अनेकांनी हे गॅलरीतून पाहिले आणि कोणालाही वाईट वाटल्यावाचून राहिले नाही.

समितीने तातडीची बैठक घेतली. नियमात वायर ओलांडण्यास बंदी होती, म्हातारी ओलांडण्यास नव्हती. सबब सदर वृद्धेस माणुसकीच्या दृष्टीने सम बाजूची रहिवासी मानण्यात आले. सून अर्थातच विषमच राहिली.

पहिल्या दिवशी सासू म्हणाली, "तूही इथेच झोप गं बाई. तिकडे एकटी उकडून मरशील." दोन-चार दिवसांनी म्हणाली, "वहिनींच्या घरात गर्दी नको, तू आपली भाजी ठेवून जा." पंख्याखाली माणसाला झोप चांगली लागते, झोप लागली की विचार स्पष्ट होतात. थोड्याच दिवसांत सासू म्हणाली, "तुमच्या बाजूच्या लोकांना जरा सांग. फार आरडाओरडा करतात. डोळा लागत नाही."

"आमच्या बाजूच्या?" सून म्हणाली.

"मग काय आमच्या?"

सून डबा धुवायला घेऊन गेली.

दुसरा मोर्चा निघाला तो विषम बाजूचा, एका संध्याकाळी. पण कार्यालय लांब पडे. घड्याळजी समोरच राहत. मोर्चाला फक्त रस्ता ओलांडावा लागला. गिरणीवाली सर्वांत पुढे होती. घड्याळजी गॅलरीत आले, हात जोडले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." पण ही वस्तू एकदा वापरलेली होती, दुसऱ्यांदा चालली नाही. दगड आला. तो घड्याळजींसाठी होता, पण नेम चुकला आणि शेजारची वहिनींची खिडकी फुटली.

म्हातारी धडपडत उठून बसली. फुटक्या खिडकीतून खाली बघत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात (एवढा दम तिच्यात कित्येक महिन्यांत नव्हता) म्हणाली, "मेले विषमवाले! पहिल्यापासून असलेच. यांना वीज दिली तरी दगडच मारतील!"

घोषणा देण्यासाठी वर गेलेला गिरणीवालीचा हात तसाच राहिला. मग तो खाली आला. मोर्चातून बाहेर पडून ती वहिनींच्या घरी वर आली. सासूच्या पांघरुणावरचे काचेचे तुकडे तिने एकेक करून वेचले, नळी तपासली, उशी झटकली.

"त्यांच्यात तू होतीस का गं?" सासूने विचारले.

"नव्हते, आई."

"मला तर तुझ्यासारखीच दिसली कोणीतरी."

"उजेडातून अंधारातलं नीट दिसत नाही, आई," ती म्हणाली आणि तुकडे पदरात घेऊन खाली गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब जातीने आले. दगडफेक करणाऱ्यांशी चर्चा होऊ शकत नाही, अशी खंत व्यक्त करून त्यांनी विषम लाइन चौकशी पूर्ण होईपर्यंत बंद केली. चौकशी अजून चालू आहे. गिरणी मात्र बंद पडली. गिरणीवालीने मोटर विकली आणि आता ती दिवसभर वहिनींकडे हुक-बटणे लावते, म्हणजे सासूकडेही लक्ष राहते. टाका वाकडा गेला की सासू खिडकीजवळून सांगते. संध्याकाळी सून आपल्या बाजूला जाते. वहिनींशी सम बाजूचे कोणी फारसे बोलत नाही. आम्ही त्यांना क्षमा केली आहे, पण कपडे दुसरीकडे शिवतो.

कार्यालयाच्या वार्षिक अहवालात आमच्या रस्त्याचा गौरवाने उल्लेख आला. योजना सुरू झाल्यापासून पुरवठ्यात वाढ : शून्य. कार्यालयावरील मोर्चे : शून्य. फुटलेल्या काचा : एक (खासगी). साहेबांना बढती मिळाली आणि हीच योजना इतर गावांत राबवण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले आहे. तुमच्या गावात ते येऊन गेले की नाही, हे आम्हाला माहीत नाही. मोठा माणूस, आल्याची कुणकुणही लागू देत नाही.

एवढे वाचून तुम्हाला आमची चीड आली असेल, तर ते स्वाभाविक आहे. पंख्याखाली बसून चीड फार छान येते. समोरून कसला आवाज ऐकू येतो आहे का? येत असेल तर उठून खिडकी लावून घ्या. मग फारसे ऐकू येत नाही. आम्ही करून पाहिले आहे.