मार्गदर्शन कक्षातील दोन खुर्च्या

ज्ञानाचा उपयोग काय, हे ज्ञान मिळण्यापूर्वीच ठरलेले असावे, हे उच्च शिक्षणाचे मूलतत्त्व आता सर्वमान्य आहे. नोकरीला अनुभव लागतो आणि अनुभवाला नोकरी लागते, या दुष्टचक्रावर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातील आमच्या विद्यापीठाने कायमचा तोडगा काढला: विद्यार्थ्यालाच त्या चक्रात बसवले. या योजनेला को-ऑप म्हणतात. चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, पुन्हा वर्ग. (दर खेपेला गादी नव्या शहरात न्यावी लागल्याने भूगोलही पक्का होतो, त्याचे गुण मात्र मिळत नाहीत.) कंपन्या विद्यार्थ्यांना पसंतिक्रम देतात, विद्यार्थी कंपन्यांना देतात आणि संगणक लग्न लावतो. योजनेवर सत्त्याण्णव टक्के विद्यार्थी समाधानी आहेत. (उरलेले पाहणीच्या दिवशी मुलाखतीला गेले होते.) ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी 'रेग्युलर' पदवी आहे. तीत केवळ शिक्षण मिळते.

टेसा व्हँडरकुय हिला शेवाळाचा अभ्यास करायचा होता. तिचे वडील विम काचघरांत काकड्या पिकवतात. मुलीने को-ऑपच घ्यावे, असे त्यांचे मत. निवड शुक्रवारपर्यंत करायची, नंतर बदल नाही. म्हणून गुरुवारी दोघे विद्यापीठाच्या मार्गदर्शन कक्षात आले.

निःपक्षपातीपणासाठी कक्षात दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. 'को-ऑप' अशी पाटी असलेल्या खुर्चीत डेव्हलिन नावाचा विद्यार्थी बसला होता. त्याने फायदे सांगितले. विम यांची मान डोलत राहिली.

"आणि रेग्युलरचं कोण सांगणार?" टेसाने विचारले.

डेव्हलिन उठला आणि शेजारच्या, 'रेग्युलर' पाटीच्या खुर्चीत बसला. "बोला, काय मदत करू?"

"अरे, पुन्हा तूच?" विम म्हणाले. "रेग्युलरचं एखादं पोर नाही मिळालं बसवायला?"

"अर्ज आले होते, सर. अनुभव नव्हता कुणाला."

"घे! ऐकलंस ना, टेसा?"

टेसा डेव्हलिनकडेच पाहत होती. "तू काय शिकतोस रे?"

"गणित."

"त्यातलं काय आवडतं तुला?"

डेव्हलिनने खिशातून वेळापत्रक काढून पाहिले. "जानेवारीत विचारशील? सध्या माझे नोकरीचे महिने चालू आहेत."

टेसाने तिथेच रेग्युलर घेतले.

"काकड्या विकून आता शेवाळ शिकवायचं!" विम गाडीपर्यंत पुटपुटत गेले.

"डॅड, काचांवरून दर वसंतात काय खरवडून काढता हो?"

"घाण."

"तिला नाव आहे."

"मग?"

"तुम्ही तीस वर्षं खरवडताय आणि विचारलंही नाहीत."

टेसाला पदवी मिळून आता वर्ष झाले. ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या प्रत्येकाने अखेरीस एकच प्रश्न विचारला: "मग नोकरी कुठे लागली?" शेवाळाचे नाव कोणीही विचारले नाही. तुमच्याही ओठांवर तोच प्रश्न आहे, संकोच नको. कक्षातली मार्गदर्शकाची एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली आहे, आणि तुमच्या बाबतीत अनुभवाची अट शिथिल करण्यात येत आहे.